नाकावरचा मास्क आणि पहिला महिना

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात घोरण्यावर बोलायला उभा राहणारा मी बहुधा पहिलाच असेन. कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी "झोपेतला श्वास आणि मास्क" असं सांगितलं. त्यावर आपले एक जुने सभासद म्हणाले, "बरं झालं, भाषण ऐकताना कुणाला झोप लागली तर ते प्रात्यक्षिक समजू."

मी डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे आणि गेली सहा वर्षं रोज रात्री नाकावर मास्क लावून झोपतो. तेव्हा आजार कुणाला आहे, औषध काय घ्यावं, हे माझ्याकडून ऐकू नका. ते डॉक्टरांचं काम. मी बोलणार आहे ते त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल. डॉक्टर सांगतात, यंत्र घरी येतं, आणि दोन महिन्यांनी ते खोक्यात घालून कपाटावर जातं. आपल्या ओळखीच्या चार-पाच घरांत मी हे पाहिलं आहे. यंत्र कपाटावर का जातं आणि जाऊ नये म्हणून काय करावं, एवढंच आज सांगायचं आहे.

आपण बिदर-कलबुर्गीकडची माणसं एका घरात तीन भाषा वागवतो. आपल्या मराठीत घोरणं, कन्नडमध्ये गोरके, आणि शेजारच्या गल्लीत खर्राटे. आवाजाला तिन्ही भाषांत शब्द आहे. पण त्या घोरण्याच्या मध्ये अचानक जी शांतता होते, दहा-वीस सेकंद काहीच ऐकू येत नाही आणि मग माणूस आचका देऊन श्वास घेतो, त्या शांततेला रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. शब्द नाही म्हणून तक्रार नाही. "हे फार घोरतात" असं वहिनी हसत सांगतात. "ह्यांचा श्वास थांबतो" हे कुणी सांगत नाही. आणि आजार आवाजात नाही, त्या शांततेत आहे.

होतं काय, ते आपल्या बिदरच्या भाषेत सांगतो. नौबादची सुरंग बावी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. बहामनी काळातला पाण्याचा भुयारी मार्ग, जांभ्या दगडात खोदलेला, आणि वर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं. तो बोगदा शेकडो वर्षं टिकला कारण तो दगडाचा आहे. आपल्या घशाचा बोगदा मऊ मांसाचा आहे. जागेपणी तिथले स्नायू त्याला ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, आणि काही जणांचा बोगदा अरुंद होतो. हवा फडफडत जाते ते घोरणं. बोगदा पूर्ण मिटला की श्वास थांबतो. छाती ओढत असते, पण हवा आत येत नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरतो, क्षणभर जागा करतो, आणि पुन्हा तेच चक्र. सकाळी यातलं काहीही आठवत नाही.

दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की डॉक्टर तो एक प्रसंग धरतात. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी झाला तरी तो मोजतात. ताशी ५ ते १५ प्रसंग म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. माझा आकडा ३८ निघाला होता. म्हणजे दीड मिनिटाला एकदा मी जागा होत होतो, आणि सकाळी सगळ्यांना सांगत होतो की झोप अगदी गाढ लागली. घोरणाऱ्याला आपण कुंभकर्ण म्हणतो. पण कुंभकर्णाला उठवायला ढोल-नगारे लागले. या आजाराच्या माणसाला उठवायला कुणी लागत नाही, तो रात्रभर स्वतःच उठत असतो.

आमच्या घरी हे पकडलं ते सौभाग्यवतींनी. त्या रात्री पडल्या पडल्या माझे श्वास मोजायच्या. थांबला की खांद्याला धक्का द्यायच्या, आला की पुन्हा मोजायला लागायच्या. हे कित्येक महिने चाललं होतं. मग एके दिवशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "अहो, मला आता झोपायची भीती वाटते. मी झोपले आणि तुम्हाला कुणी हलवलं नाही तर?" त्या आठवड्यात आम्ही सोलापूरला गेलो.

हा आजार परदेशातला किंवा श्रीमंतांचा आहे असं कुणाला वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण घ्या. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या मुंबईतल्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. झोपेत श्वासाचा असा बिघाड १९.५ टक्के पुरुषांत असावा आणि दिवसा पेंगण्यासकट पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत असावा, असा तिचा अंदाज होता. म्हणजे पाच जणांच्या ओळीत एक. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारणांत झोपेतल्या श्वासरोधाचं नाव घेतलं. त्या आठवड्यात हा शब्द पहिल्यांदा आपल्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत दिसला. पुढच्या आठवड्यात विसरला गेला.

त्या पाहणीत फक्त पुरुष होते, हे माझ्या मनात राहिलं. बायकांचं घोरणं आपल्याकडे कुणी सांगत नाही. स्वतः त्या तर मुळीच नाही. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मधुमेह सांगतील, घोरणं सांगणार नाहीत. शिवाय त्यांची लक्षणं वेगळी दिसतात: रात्री झोप मोडणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं. मग थायरॉइड तपासतात, रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या देतात, आणि शेवटी "वयाचा परिणाम" म्हणून सोडून देतात. पाळी गेल्यानंतर बायकांत हा आजार वाढतो. काकूंनो, आज तुमच्यासाठी म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

आता यंत्राकडे येऊ. १९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला पुढून भोक पाडायचं. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी त्या वर्षी वेगळा विचार केला. बोगदा मिटतो ना, मग आतून हवेचा दाब देऊन तो उघडाच ठेवू. त्यांनी नाकाला मास्क लावून हवा सोडली, आणि रुग्ण रात्रभर झोपला. १९८१ मध्ये त्यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. सुरुवातीच्या यंत्रांत घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा उलट्या कामाला लावलेला असे आणि मास्क रोज चेहऱ्यावर चिकटवावा लागे. त्या पहिल्या लोकांचा विचार केला की आपल्या आजच्या तक्रारी मला थोड्या लहान वाटतात. त्याच यंत्राला आज सीपॅप म्हणतात. ते ऑक्सिजन देत नाही; खोलीतलीच हवा गाळून दाबाने आत सोडतं. बरेच जण हे ऑक्सिजनचं यंत्र समजतात आणि घरात कुणी अत्यवस्थ आहे असं गल्लीभर पसरतं.

घरी यंत्र आणून देणारा मुलगा आमच्याकडे पंधरा मिनिटं होता. सोफ्यावर बसवून मास्क लावला, बटण दाखवलं, सही घेतली. नंतर आठ दिवस त्याने फोन उचलला नाही. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. म्हणून पहिली सूचना: मास्क बसून नव्हे, आडवं पडून, यंत्र चालू ठेवून मापात घ्या. पडल्यावर गालांचा आकार बदलतो आणि बसून घट्ट वाटलेला मास्क कडेने हवा सोडायला लागतो. मग आपण पट्टे ओढतो. जितके ओढावे तितकी सिलिकॉनची कड चुरगळते, हवा जास्त सुटते, आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते. दोन बोटं सरकतील इतका सैल पट्टा बहुतेकांना पुरतो. तरीही हवा सुटत असेल तर मास्कचं माप किंवा प्रकार चुकला आहे. प्रकार मुख्यतः तीन: फक्त नाकावर बसणारा, नाकपुड्यांना टेकणारा छोटा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. भरघोस मिश्या असणाऱ्यांनी नाकपुड्यांचा प्रकार विचारून पाहावा. आपल्या भागात मिशी काढायला सांगणं म्हणजे भांडणालाच आमंत्रण, म्हणून हे सांगितलं.

दुसरी गोष्ट खोबरेल तेलाची. रात्री डोक्याला तेल चोळून झोपायची आपली जुनी सवय. तेल सिलिकॉनला लागलं की मास्क घसरतो आणि कड लवकर खराब होते. मालीश सकाळी करा. मास्कची कड रोज सकाळी साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. आपल्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवलात तर प्लास्टिक तडकेल. पट्टे आणि नळी आठवड्याला धुतली तरी चालते.

गुदमरण्याची भीती ही सगळ्यांत मोठी अडचण. मास्क चढवला की काही जणांना वाटतं, नाक दाबलं. ही भीती खोटी म्हणून उडवून लावू नका. ती शरीराची आहे, समजावून जात नाही, सवयीने जाते. आम्ही असं केलं. पहिले तीन-चार दिवस झोपेसाठी मास्क लावलाच नाही. संध्याकाळी मालिका बघताना, नळी न जोडता, नुसता मास्क तोंडावर धरून अर्धा तास बसलो. नंतर नळी जोडून, यंत्र चालू करून बातम्या ऐकल्या. मग दुपारची वामकुक्षी मास्कमध्ये. रात्रीची पाळी त्यानंतर आली. यंत्रात रॅम्प नावाची सोय असते. सुरुवातीला दाब अगदी कमी राहतो आणि वीस ते पंचेचाळीस मिनिटांत हळूहळू ठरलेल्या दाबापर्यंत चढतो, तोवर झोप लागलेली असते. ती सुरू आहे की नाही ते पाहून घ्या. आमच्याकडे ती बंदच होती.

त्या पहिल्या संध्याकाळचं एक सांगतो. मी मास्क आणि ती लांब नळी लावून बसलो होतो. पाच वर्षांचा नातू आत आला, थबकला, आणि स्वयंपाकघराकडे ओरडत पळाला, "आजी, आजोबा गणपती झाले!" मग शेजारची तीन पोरं बघायला आली. एकीने हात जोडले. इतके दिवस हे यंत्र माझ्याकडे आजारपणाचा शिक्का म्हणून बघत होतं; त्या दिवसापासून घरात त्याचं नाव 'सोंड' पडलं. "सोंड धुतली का?" "सोंडेत पाणी घातलं का?" घरातल्यांनी यंत्राला नाव ठेवून घेतलं की ते लपवावं लागत नाही. मास्क लपवणारी माणसं तो टाकून देतात, असं मी पाहिलं आहे. पाहुणे आले की खोक्यात, लग्नाला गेले की घरीच, आणि महिन्याने कायमचा कपाटावर.

पाण्याबद्दल. यंत्राच्या पोटात एक छोटी टाकी असते. त्या पाण्याने हवा दमट होते आणि नाक-घसा कोरडा पडत नाही. आपल्या बोअरच्या पाण्याचे गिझरमध्ये काय थर बसतात ते तुम्हाला माहीत आहे, तेच त्या टाकीत होतं. औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर वापरा, रोज सकाळी उरलेलं ओतून टाका. त्यात निलगिरीचं तेल, बाम किंवा कापूर मुळीच घालू नका. नाक चोंदलं म्हणून घालणारे मला भेटले आहेत. डिसेंबरात बिदरची थंडी पडली की नळीत पाणी साचून मध्यरात्री नाकात थेंब येतात. नळी पांघरुणाखालून घ्या आणि यंत्र पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवा. मे महिन्यात कूलर चालू असेल तेव्हा दमटपणा कमी करा.

सकाळी तोंड वाळलेलं असेल तर झोपेत तोंड उघडतं आहे. हनुवटीचा पट्टा किंवा पूर्ण तोंडाचा मास्क लागेल. पोट फुगून ढेकर येत असतील तर हवा गिळली जाते आहे. दाब बदलायचा की यंत्र, ते डॉक्टर ठरवतील. दाब आपला आपण खालीवर करू नये. आणि झोपेत आपल्याच हाताने मास्क काढून फेकला गेला तर मनाला लावून घेऊ नका. जाग आली की पुन्हा लावायचा, बस्स. सुरुवातीला तसं सगळ्यांचंच होतं. यंत्र किती तास लावलं, हवा किती सुटली, श्वास किती वेळा थांबला, हे सगळं यंत्रातच नोंदलं जातं. पहिल्या महिन्यात ती नोंद घेऊन दोनदा तरी डॉक्टरांकडे जा. निदान चार तास आणि दहापैकी सात रात्री, हा डॉक्टरांचा किमान हिशेब. पण चार तासांवर थांबू नका. पहाटेची स्वप्नांची झोप असते त्याच वेळी अनेकांचा श्वास जास्त थांबतो.

करंट गेला तर? हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. गुदमरून जीव जाईल असं काहींना वाटतं. तसं होत नाही. मास्कला बारीक भोकं असतात, तोंड झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडप असते, आणि हवा थांबली की माणूस बहुधा जागा होतोच. टाकीचा हीटर बंद ठेवला तर यंत्र छताच्या पंख्याइतकी किंवा त्याहून कमी वीज खातं, तेव्हा घरातला इन्व्हर्टर पुरतो. तो साइन वेव्ह प्रकारचा आहे का एवढं विक्रेत्याला विचारून घ्या.

गाणगापूरला मुक्कामाला जाताना, पंढरपूरला जाताना, मुलाकडे पुण्याला जाताना यंत्र सोबत हवंच. भक्तनिवासात पलंगाजवळ प्लग नसतो, म्हणून एक लांब वायर पिशवीत असू द्या. विमानात ते हातातल्या सामानात न्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कोणतंही ऑपरेशन असो, मोतीबिंदूचं का असेना, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगा आणि यंत्र दवाखान्यात घेऊन जा. झोपेच्या गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करतात, तेही सांगून ठेवतो.

पैशाचं थोडक्यात. आधी महिनाभर भाड्याने घ्या, जमलं तर विकत. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएसमधून ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च मिळतो, पण परवानगी आधी घ्यावी लागते. अमेरिकेतल्या भाच्याचं जुनं यंत्र आयतं मिळतं आहे म्हणून घेऊ नका. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतल्या फोमच्या दोषामुळे जगभरातली आपली कितीतरी यंत्रं परत मागवली. जुन्या यंत्राचा क्रमांक तपासल्याशिवाय ते नाकाला लावू नये.

फायद्याबद्दल खोटं सांगणार नाही. २०१६ मध्ये 'सेव्ह' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार किंवा मेंदूचा विकार आधीच असलेले २,७१७ रुग्ण होते, आपल्या देशातले दवाखानेही त्यात होते. मास्क लावल्याने पुढचे झटके कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. मात्र त्या रुग्णांनी मास्क रात्रीतून सरासरी ३.३ तासच लावला होता, हेही लक्षात ठेवा. दिवसाची पेंग कमी झाली आणि मन हलकं झालं, हे त्यातही दिसलं. माझं विचाराल तर रात्री चारदा लघवीला उठायचो, ते एकावर आलं. सकाळचं डोकं दुखणं गेलं. हुमनाबादच्या रस्त्यावर गाडी चालवताना आता डोळे मिटत नाहीत. रक्तदाबाची गोळी सुरू आहे, ती सुटली नाही. वजन नऊ किलो उतरवलं, त्याने आकडा खाली आला, मास्क सुटला नाही. बारीक माणसालाही लहान जबड्यामुळे हा आजार होतो, तेव्हा "मी कुठे लठ्ठ आहे" असं म्हणून कुणी निश्चिंत राहू नये.

आणि सौभाग्यवती आता झोपतात. सुरुवातीला त्यांना यंत्राचा बारीक आवाजही नको होता. आता एखाद्या रात्री तो थांबला की त्या जाग्या होतात.

आरतीनंतर बाजूच्या खोलीत मी यंत्र, तीन प्रकारचे मास्क आणि आठ प्रश्नांचा एक कागद घेऊन बसणार आहे. पुस्तक वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे ते प्रश्न आहेत. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तो तयार केला. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टरांना भेटा. कागद मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही आहे. यंत्र हाताळून बघा, आवाज ऐका. जे घोरतात त्यांनी एकटं येऊ नये. घरातल्या ज्यांची झोप मोडते त्यांना सोबत आणा, कारण अर्धी उत्तरं त्यांच्याकडेच असतात. भालकी आणि आळंदहून आलेल्या मंडळींची शेवटची बस साडेनऊची आहे, त्यांनी आधी यावं.